पायातली गाठ आणि ‘नॉर्मल’ आलेला फोटो

शेतकरी बंधूंनो, बाभळीचा काटा पायात मोडला तर आपण काय करतो? सुईने टोकरून काढतो, बिब्ब्याचा चटका देतो आणि पुन्हा औतामागे चालू लागतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतेही. पण कधी काट्याबरोबर मातीतली बुरशी आत शिरते आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, तिथे गाठ धरते. गाठ दुखत नाही, हीच खरी मेख. दुखत नाही म्हणून माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. पुढे गाठीला तोंडे पडतात, पू वाहतो आणि पुवातून रव्यासारखे काळे, पांढरे किंवा पिवळे कण येतात.

हा मायसेटोमा. मदुराईकडे नोंदला गेला म्हणून जुने नाव ‘मदुरा पाय’. 1860 साली त्याला मायसेटोमा म्हणणारे डॉ. कार्टर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातले, पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन झाले. म्हणजे रोग आपल्याकडे जुनाच. जागतिक आरोग्य संघटनेने तो दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतला मात्र 2016 साली!

आता फोटोचे बघा. पायाचा एक्स-रे निघतो, ‘हाड चांगलं आहे’ म्हणतात, की माणूस घरी. इथेच फसगत होते. सुरुवातीला रोग मांसात असतो; एक्स-रेत फार तर सूज दिसते. हाडाला भोके दिसू लागली म्हणजे आजार पुष्कळ पुढे गेला. सोनोग्राफी फक्त बाळंतपणासाठी, असा आपला समज. ती पायाच्या गाठीचीही होते. गाठीतल्या पोकळ्या आणि आत चमकणारे कण तीत दिसतात. एम.आर.आय.मध्ये पांढऱ्या गोलात काळा ठिपका दिसतो. गोल म्हणजे सुजलेला भाग, ठिपका म्हणजे कण. रोग किती खोल गेला, सर्जनने कुठवर कापायचे, हे त्यावरून कळते. पण त्यासाठी मोठ्या गावाला जायचे, भाडे भरायचे, मजुरी बुडवायची. म्हणून आमचे मत असे की आधी सोनोग्राफीचे विचारा; एम.आर.आय. डॉक्टर सांगतील तेव्हा.

आणखी एक. असाच रोग जिवाणूंमुळेही होतो. दिसायला सारखा, पण औषध निराळे. बुरशीच्या रोगाला वर्षभर किंवा जास्तच गोळ्या, बहुधा शस्त्रक्रियाही. नुसत्या फोटोवरून हे पक्के ठरत नाही, गाठीतला तुकडा किंवा कण तपासावा लागतो. तेव्हा कण पुसून फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.

सरपंच, ग्रामसेवक आणि आशाताईंनो, अपंगत्वाचा दाखला मागायला माणूस तुमच्याकडे येतो तेव्हा पाय गेलेला असतो. न दुखणारी गाठ घेऊन गावात कोण हिंडतो, हे तुम्हाला आधीच ठाऊक असते. त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा आणि सोबतच्या चिठ्ठीत काटा केव्हा लागला, गाठ कधीपासून आहे, एवढे लिहून द्या.