पाणी अडलं कुठं?

गेल्या महिन्यात आमच्या कोसाडच्या घरातलं भांडी धुण्याचं मशीन रुसलं. रात्री लावलं होतं. सकाळी दार उघडलं तर तळाशी मळकट पाणी आणि त्यावर कोथिंबिरीच्या काड्या तरंगतायत.

आमच्याकडे हे मशीन हौसेनं आलेलं नाही. आईच्या हातांना इसब आहे. साबणाचं पाणी लागलं की बोटांना भेगा पडतात. डॉक्टरांनी भांड्यांना हात लावायचा नाही म्हणून बजावलंय. पण आई नंदुरबारची, जन्मभर स्वतः भांडी घासलेली. यंत्राने धुतलेलं ताट तिला वर्षभर उष्टंच वाटत होतं. हे यंत्र एका बाईनेच घडवलं, अमेरिकेतल्या जोसेफीन कॉक्रेनने १८८६ साली त्याचं पेटंट घेतलं, हेही मी तिला सांगून पाहिलं. "तिच्याकडे कामवाली नसेल," आई म्हणाली. मशीन बंद पडलं त्या रात्री आम्ही झोपल्यावर ती ओट्यापाशी उभी. "दोन ताटं तर आहेत रे."

दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केलं: पंप गेला असणार. माणूस चार दिवसांनी येणार. चार दिवस म्हणजे आईच्या बोटांचं काही खरं नव्हतं. मग मीच बसलो.

आधी प्लग काढला. पाणी आणि वीज एकत्र असताना हे विसरायचं नाही. खालची जाळी काढून वाटीने पाणी उपसलं. तळाचा गोल फिल्टर फिरवून बाहेर काढला. त्यात भाताची शितं आणि लिंबाची एक बी, बाकी काही नाही. खालच्या खळग्यात हात घालताना जाड हातमोजे घाला. फुटलेल्या काचेचा तुकडा तिथेच दबा धरून बसतो. पंपावरचं झाकण काढून आतलं छोटं चाक बोटाने फिरवलं. ते अडखळत फिरलं. मला वाटलं, सापडलं! पण आत चुंबक असल्याने ते चांगलं असतानाही तसंच टप्प्याटप्प्याने फिरतं. हे पुस्तिका वाचल्यावर कळलं, तोवर तासभर गेला होता.

खरं तर पहिल्यांदा करायची गोष्ट मी शेवटी केली. मशीनचा सांडपाण्याचा पाइप सिंकखालच्या ट्रॅपच्या तोटीवर बसवलेला असतो. तो तिथून सोडवून बादलीत धरला, मशीनमध्ये तांब्याने थोडं पाणी ओतलं आणि पाणी उपसायचं बटण दाबलं. बादली स्टुलावर ठेवली होती, कारण जमिनीवर ठेवली तर पंप न चालताही पाणी आपोआप उतरू शकतं आणि आपली फसगत होते. बादलीत खळखळून पाणी पडलं! म्हणजे पंप ठणठणीत, पाइपही मोकळा. बिघाड मशीनमध्ये नव्हताच.

पण सिंकचं पाणी तर झटकन जात होतं. मग अडलं कुठं? टॉर्च लावून त्या तोटीत डोकावलो तर आत पांढऱ्या प्लास्टिकचा पडदा. सलग, भोक नसलेला.

"आई, या सिंकखाली कुणी हात लावला होता का?"

"शनिवारी नळवाला आला होता ना. गळत होतं म्हणून नवा ट्रॅप बसवून गेला. तुला सांगितलं की मी. तू मान हलवलीस."

हलवली असणार. लॅपटॉपवर होतो. ऑफिसमध्ये काही बंद पडलं की माझा पहिला प्रश्न असतो, शेवटचा बदल कोणता केला? घरात तो प्रश्न मी दोन दिवस कुणालाही विचारला नव्हता.

नवा ट्रॅप आणला की ही तोटी बऱ्याचदा बंदच येते, कारण सगळ्यांकडे मशीन नसतं. ज्याच्याकडे असेल त्याने पडदा कापायचा. मी ट्रॅप खोलून घेतला, धारदार चाकूने पडदा कडेने कापला आणि तुकडा चिमट्याने बाहेर ओढला. तो आत पडला तर पुढे नवं दुखणं. रबराची चकती नीट बसवली, पाइपची पकड आवळली, सिंकमध्ये पाणी सोडून खाली कोरडा कागद ठेवला. कागद कोरडाच राहिला.

ट्रॅप जुना असेल तर त्याच तोटीत तूप आणि चहाचा चोथा साचून बसतो. तो हाताने साफ करा. मशीन जोडलेलं असताना सिंकमध्ये ॲसिड ओतू नका. आणि फिल्टरखाली जरासं पाणी नेहमीच उरतं, त्याला घाबरू नका.

दुरुस्तीवाल्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. मग मशीन लावलं. आई त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसली, पाणी जाताना आवाज येतो का ते ऐकायला.