काडतुसाचा हिशेब

शिकारकथा वाचून वाढलेल्या आमच्या पिढीला वाघ आठवतो, मचाण आठवते, साहेबाची दुनळी रायफल आठवते. आठवत नाही ते काडतूस. वास्तविक शिकाऱ्याची सारी जबाबदारी त्या पितळी नळकांड्यात भरलेली असते.

मोठ्या बोअरचे काडतूस हाताने भरणे म्हणजे सोनाराचे काम. उडालेले कवच पुसायचे, तळाची जळकी टोपी काढून नवी बसवायची, फुगलेले पितळ साच्यातून मूळ मापाला आणायचे, दारू तोलून घालायची आणि वर गोळी घट्ट बसवायची. वजन ग्रेनमध्ये, आपल्या एका तोळ्यात असे १८० ग्रेन. .४७० नायट्रो एक्स्प्रेस या गाजलेल्या काडतुसात कॉर्डाइट ७५ ग्रेन, म्हणजे अर्ध्या तोळ्याहूनही कमी. गोळी मात्र ५०० ग्रेनची, पावणेतीन तोळ्यांची. कॉर्डाइट तापले की नळीतला दाब वाढतो. म्हणून उष्ण मुलखासाठी दारू कमी घातलेली काडतुसे विलायतेत वेगळी निघत. परभणीचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला हे समजावून सांगायला नको.

या हातभरणीची धास्ती खुद्द इंग्रज सरकारनेही घेतली होती. १९०७ साली .४५० बोअरची काडतुसे हिंदुस्थानात आणण्यास बंदी आली. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी त्याच जाडीची. साहेबाच्या शिकारी काडतुसातली गोळी काढून कोणी ती मार्टिनीच्या कवचात भरली तर? बंदुका बनवणाऱ्या कंपन्यांनी मग .४७० सारखी नवी मापे काढली. साहेबाची शिकार चालू राहिली. नेटिवाच्या हाताचा संशयही चालू राहिला. स्वतंत्र भारताने १९५९ साली आपला शस्त्र कायदा केला. त्यातही परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही. एवढ्यापुरते मी कायद्याच्या बाजूने आहे. दारूचे माप चुकले तर नळी फुटते, आणि फुटलेली नळी काळा-गोरा पाहत नाही.

मी ज्या शाखांत नोकरी केली तिथे दाराशी बारा बोअरची बंदूक घेऊन रखवालदार उभा असे. तपासणीच्या दिवशी त्याची काडतुसे नोटांसारखीच मोजली जात. ती उडत कधीच नसत, पण संख्या जुळावी लागे. तेव्हा हे मोजणे हास्यास्पद वाटे. आज वाटते, शस्त्राच्या बाबतीत शहाणपण म्हणतात ते एवढेच.

हे सगळे आज आठवण्याचे कारण आपल्या शिवारात आहे. जिंतूर, सेलू, गंगाखेडकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. हरभरा घाट्यावर आला की रोह्यांचा कळप उतरतो, भुईमूग रानडुकरे उकरून काढतात. दिवसभर राबलेला माणूस रात्री जागलीला बसतो, डबे वाजवतो, फटाके उडवतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, हे योग्यच झाले. त्याच कायद्याच्या कलम ११ मध्ये पिकांची नासाडी करणाऱ्या काही प्राण्यांना मारण्याची लेखी परवानगी देण्याची सोय आहे. पण अर्ज, पाहणी आणि सही होईपर्यंत रान मोकळे झालेले असते. मग कोणी कुंपणात वीज सोडतो, कोणी कणकेत गुंडाळलेला गावठी बॉम्ब बांधावर ठेवतो. हाही हाताने भरलेला बारच. फक्त त्याला ना माप, ना नेम, ना धनी. त्याने डुकराचा जबडा फुटतो तसा शेजाऱ्याच्या गाईचाही फुटतो. आणि विजेची तार पहाटे पाणी द्यायला निघालेल्या माणसाला ओळखत नाही.

यावर 'शेतकऱ्याला बंदुका द्या' अशी मागणी अधूनमधून होते. मला ती पटत नाही. आपल्या माळावर रोह्याच्या शेजारीच काळवीट चरते. अंधारात चमकणारे डोळे कोणाचे, हे ओळखायला तयारीचा माणूस लागतो. २०१६ साली बिहारमध्ये मोकाम्याला हैदराबादहून शिकारी बोलावून दोनशेवर रोही मारली गेली. त्यावरून केंद्रातल्या दोन मंत्र्यांचे जाहीर भांडण झाले. एकाने कत्तल म्हटले, दुसऱ्याने कायदेशीर उपाय म्हटले. जागलीवरचा शेतकरी दोघांच्याही बोलण्यात नावापुरताच होता.

मधला मार्ग रुक्ष आहे, म्हणून कोणाला आवडत नाही. नुकसानीचा पंचनामा दिवसांत व्हावा, महिन्यांत नव्हे. कर्जाचा हप्ता पंचनाम्यासाठी थांबत नाही, हे मी टेबलाच्या पलीकडे बसून पाहिले आहे. कुंपणाला भरघोस मदत मिळावी. आणि मारणे अटळच असेल तिथे तालुक्यातल्या मोजक्या, परीक्षा दिलेल्या माणसांनी सरकारी परवान्याने, सरकारने मोजून दिलेल्या काडतुसांनी ते करावे. उडालेले प्रत्येक कवच परत यावे, प्रत्येक गोळीपुढे प्राणी आणि ठिकाण लिहिले जावे.

शासनाने हा हिशेब ठेवला नाही म्हणून तो थांबत नाही. तो आज बांधाबांधावर, तारेने आणि बॉम्बने, कोणत्याही वहीत न लिहिता चालूच आहे.