टेबल सॉचा नियम बारगळला, मग घरी ट्रॅक सॉ घेताना काय बघायचं?

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने 2025 मध्ये टेबल सॉचा प्रस्तावित नियम मागे घेतला. आपल्याकडे या बातमीची कुणी फारशी दखल घेतली नाही, आणि ते साहजिकच आहे. पण घरी प्लायवूड कापणाऱ्या, किंवा कापायचं मनात असणाऱ्या माणसाने ती वाचावी असं मला वाटतं. कारण त्यामुळे 'कोणतं यंत्र घेऊ?' हा प्रश्न पुन्हा आपल्याच अंगावर आला आहे.

नियम साधा होता. फिरत्या पात्याकडे सेकंदाला 1 मीटर वेगाने बोट गेलं, तर जखम 3.5 मिलिमीटरपेक्षा खोल होता कामा नये. हे जमवणारं तंत्र जुनं आहे. 'सॉस्टॉप' कंपनीच्या यंत्रात पात्यावर हलका विद्युत संकेत सोडलेला असतो. त्वचा लागली की तो बदलतो, ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसतो आणि पातं काही मिलिसेकंदांत थांबतं. पातं आणि ठोकळा दोन्ही वाया जातात, बोट राहतं.

मग अडलं कुठे? पेटंटमध्ये आणि किमतीत. बॉशने 'रिॲक्स' नावाची स्वतःची टेबल सॉ आणली होती, पण पेटंटच्या वादात 2017 मध्ये तिची अमेरिकेतली आयात बंद पडली. त्याच वर्षी सॉस्टॉप विकत घेतली टीटीएस या जर्मन समूहाने, म्हणजे फेस्टूलच्या मालकाने. नियम लागू झाला तर एक महत्त्वाचं पेटंट सगळ्यांना खुलं करू, असं सॉस्टॉपने 2024 मध्ये जाहीरही केलं. तरी बाकीच्या कंपन्यांचा विरोध कायम राहिला: यंत्रं महागतील आणि फायदा एकाच कंपनीचा होईल. त्यांचा दुसरा मुद्दा अगदीच खोटा नव्हता. पण नियम गेला तो गेलाच.

आता गंमत बघा. ज्या समूहाकडे सॉस्टॉप आहे, त्याच समूहातल्या फेस्टूलने ट्रॅक सॉ हा प्रकार जगभर रुजवला. टेबल सॉमध्ये पातं जागेवर असतं आणि फळी हाताने पुढे ढकलायची असते. ट्रॅक सॉमध्ये फळी पडून राहते आणि ॲल्युमिनियमच्या रेलवरून यंत्र सरकतं. 8 बाय 4 फुटांचा, 18 मिलिमीटर जाडीचा प्लाय एकट्याने टेबलवर ढकलून बघा, म्हणजे फरक कळेल. शिवाय ट्रॅक सॉचं पातं झाकणाच्या आत असतं. दाबलं की खाली उतरतं, सोडलं की स्प्रिंगने वर जातं. दोन्ही हात मुठींवर. बोट ओळखणारं तंत्र यात नाही, हे मात्र लक्षात असू द्या. इथे सुरक्षितता येते ती हात पात्यापासून लांब राहण्यातून.

पण आपल्याकडे खरी तुलना टेबल सॉशी नाहीच. आपल्याकडे तुलना आहे मार्बल कटरशी. कुठल्याही नव्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चालू असेल तिथे डोकावा. 4 इंची मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून मिस्त्री प्लाय कापताना दिसतील. स्वस्त, हलकं, हातात मावणारं यंत्र. ते दगडासाठी बनवलेलं आहे, हे सगळे विसरून गेलेत.

मीही विसरलो होतो. दोन वर्षांपूर्वी गॅलरीत पुस्तकांच्या कपाटाची फळी कापत होतो. अर्ध्यावर फळी वाकली, चीर मिटली, पातं त्यात आवळलं आणि कटर उसळून माझ्याकडे आलं. चपलेचा पुढचा कोपरा कापला गेला. अंगठा तिथून बोटभर मागे होता. माझ्या ओळखीचे एक मिस्त्री इतके नशीबवान नव्हते. त्यांच्या डाव्या तर्जनीचं टोक नाही.

या उसळण्याला किकबॅक म्हणतात. मार्बल कटरमध्ये तो जास्त वाईट का, ते थोडं आकड्यांत पाहू. मार्बल कटर मिनिटाला साधारण 12,000 फेरे फिरतं. 110 मिलिमीटरच्या पात्याची कड म्हणजे सेकंदाला 69 मीटर वेगाने धावते. ट्रॅक सॉचं 165 मिलिमीटरचं पातं 5,000 फेऱ्यांनी फिरवलं तरी हा वेग 43 मीटरच्या आसपास राहतो, आणि तो कमीही करता येतो. त्यात कटरचं झाकण फक्त वरचा अर्धा भाग झाकतं. खालचे दात कायम उघडे. तुमच्याकडे कटर असेल तर आजच एक करा: लाकडी पात्यावर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा वाचा आणि कटरवरच्या आकड्याशी ताडून बघा. मर्यादा कमी असेल तर ते पातं त्या यंत्रावर चालवायचंच नाही.

बरं, ट्रॅक सॉ घ्यायचं ठरलं. दुकानदार आधी वॅट सांगेल. ते राहू द्या, रेलबद्दल विचारा. 1400 मिलिमीटरची रेल असेल तर प्लाय आडवा, म्हणजे 4 फुटांत, आरामात कापता येतो. पण कपाटाच्या बाजू लांबीत, 8 फुटांत कापायच्या असतात. त्यासाठी 1400 च्या दोन रेल जोडाव्या लागतात किंवा एक लांब रेल घ्यावी लागते, आणि ती लिफ्टमध्ये मावायला हवी! बऱ्याच वेळा रेल किमतीत धरलेलीच नसते. जाहिरातीतली किंमत आणि काम सुरू करायचा खर्च यात इथेच मोठी तफावत पडते.

रेलच्या जातीही वेगवेगळ्या आहेत. मकिता आणि फेस्टूलची यंत्रं एकमेकांच्या रेलवर चालतात. बॉशची रेल माफेलशी जुळते. डीवॉल्टची वेगळीच. तुम्ही यंत्र निवडता असं वाटतं, पण पुढची दहा वर्षं रेलशी बांधले जाता.

कापण्याची खोली या वर्गात साधारण 55 मिलिमीटर असते. रेलच्या जाडीचे पाचेक मिलिमीटर वजा केले तरी प्लाय आणि दरवाजा दोन्ही होतात, म्हणून घरासाठी मोठं यंत्र नको. सनमायकाची कड झडू नये म्हणून रेलच्या कडेला रबराची पट्टी असते. पातं तिला पहिल्याच वेळी स्वतःच्या मापाने कापून घेतं. त्यानंतर पेन्सिलीच्या रेषेवर पट्टी ठेवली की काप तिथेच. भुसा ओढायला साधा व्हॅक्युम जोडता येतो का, हेही बघा. फ्लॅटमध्ये एमडीएफची धूळ शेजाऱ्यांशी भांडण लावते.

वायरवालं की बॅटरीवालं? तुमच्याकडे त्याच कंपनीच्या बॅटऱ्या आधीपासून असतील तर बॅटरीवालं, नाहीतर वायरवालं. घरात प्लग दहा फुटांवर असतो. अमेरिकेतल्या भावाकडून मागवणार असाल तर थांबा. तिथलं वायरवालं यंत्र 120 व्होल्टचं. आपल्या 230 व्होल्टवर सरळ लावलं तर जळेल, आणि 1,300 वॅटला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर म्हणजे आणखी एक धोंडा. बॅटरीवालं आणायचं तर सुट्या बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात. 18 व्होल्ट, 5 अँपिअर-अवरची बॅटरी 90 वॅट-अवरची, ती चालते. 36 व्होल्ट, 4 अँपिअर-अवरची 144 होते; 100 च्या वर विमान कंपनीची आधी परवानगी लागते.

बजेट बसत नसेल तर साधी 7 इंची सर्क्युलर सॉ घ्या. तिचं खालचं झाकण आपोआप मिटतं. दोन क्लॅम्प आणि ॲल्युमिनियमची सरळ पट्टी लावली की ती 'गरिबाची ट्रॅक सॉ' होते. काप तितका स्वच्छ येत नाही, वेळही जातो. पण मार्बल कटरपेक्षा कितीतरी बरी.

मी शेवटी वायरवाली घेतली, 1400 च्या दोन रेलसह. माझे ते मिस्त्री बघायला आले होते. त्यांनी रेलवरून यंत्र दोनदा सरकवलं, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "साहेब, ही पट्टी एकटी मिळते का? माझ्या कटरला बसेल?"

नाही बसत. मग माझी जुनी सर्क्युलर सॉ आणि सरळ पट्टी त्यांना देऊन टाकली.