पाटी मराठी, पण नाव कोणाचे?

2022 च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी सक्तीची झाली. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. आमचा याला विरोध नाही. वस्तीतल्या अनेक आयाबायांना इंग्रजी पाटी वाचता येत नाही. दुकान कशाचे आहे हे त्यांना कळलेच पाहिजे.

‘रॉयल मोबाइल शॉपी’ देवनागरीत रंगवले की कायद्याचे समाधान होते. भाषाभिमान्यांचे होत नाही, त्यांना नावच मराठी हवे. (‘शॉपी’ एव्हाना मराठीच झाली म्हणा!) मग आमचा प्रश्न असा, की मराठी नाव म्हणजे कोणाचे नाव?

बाजारात फिरून पाहा. लोणची, मसाले, खानावळ, फराळ... पाटीवर जोशी, कुलकर्णी, देशपांडे अभिमानाने झळकतात. ‘खास ब्राह्मणी चव’ असे छापायलाही कोणी लाजत नाही. खाण्याच्या धंद्यात ते आडनाव म्हणजे शुद्धतेची हमी. हे भांडवल बँकेकडे मागावे लागत नाही, जन्मासोबत मिळते. त्याच रस्त्यावर ‘कांबळे लोणची’ किंवा ‘वाघमारे खानावळ’ शोधा, किती सापडतात ते मोजा.

आमच्या ओळखीच्या एका तरुणाने वस्तीबाहेर, मुख्य रस्त्यावर चहा-नाश्त्याचा गाळा घेतला. मनात नाव होते ‘रमाई’. पेंटरकडे जाईपर्यंत त्याचे ‘गॅलेक्सी’ झाले. आम्ही रागावलो. तो म्हणाला, “दादा, इथं लोक आधी पाटी वाचतात, मग चहा पितात. हप्ता मला भरायचाय.”

आम्ही गप्प बसलो. बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ ते ‘प्रबुद्ध भारत’ मराठी नावांची पत्रे काढली आणि जातिनिर्मूलनाचे 1936 चे भाषण इंग्रजीत लिहिले. काय म्हणायचे आणि कोणाला, यावरून भाषा ठरली, लपण्यासाठी नव्हे. ‘गॅलेक्सी’त लपणे आहे, हे आम्हाला खुपते. पण त्याला लपायला लावणाऱ्या गिऱ्हाइकाला सोडून त्याच्याच इंग्रजीवर तुटून पडणे आम्हाला मान्य नाही.

आणि आपण नोकरदार? पगार झाल्यावर आपली पावले कोणत्या पाटीकडे वळतात?

गाळ्यात साखरेच्या डब्यांवर रमाईंचा फोटो आहे, रस्त्यावरून दिसत नाही असा. पाटी बदलशील तर पहिला महिना रोज पंधरा जण चहाला येऊ, असे आम्ही त्याला सांगितले आहे. तो हसला. अजून हो म्हणालेला नाही.