डाग पडलेली पाकपुस्तके रद्दीत नकोत

१९९३ मध्ये झी टीव्हीवर ‘खाना खजाना’ हा पाककृतींचा कार्यक्रम सुरू झाला आणि संजीव कपूर घरातलेच कुणी असल्यासारखे ओळखीचे झाले. पाकपुस्तकांच्या लेखिका तरला दलाल यांच्यावर २०२३ मध्ये चित्रपट आला, तेव्हाही अनेकांना त्यांची जुनी पुस्तके आठवली. या आठवणींना आपण स्मरणरंजन म्हणतो आणि विषय संपवतो. पण छोट्या पडद्यावरचा बल्लवाचार्य किंवा एखादे विटलेले पाकपुस्तक इतकी माया मिळवते, ते आपल्याला हाताला धरून शिकवल्यामुळे. या शिकवणीचा छापील पुरावा सार्वजनिक ग्रंथालयांनी जपला पाहिजे.

घरातल्या रोजच्या जगण्याची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच सापडते. पाकपुस्तकांत ती पानोपानी असते. मराठीत १८७५ मध्ये ‘सूपशास्त्र’ छापले गेले, १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांनी ‘गृहिणीमित्र’मध्ये हजार पाकक्रिया दिल्या आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली. ‘रुचिरा’तले वाटी-चमच्याचे प्रमाण पाहा. ‘अंदाजाने घाला’ हे सांगणे सासू किंवा आई शेजारी उभी असेल तरच पुरते. शहरात वेगळा संसार मांडलेल्या मुलीला तो अंदाज मोजून द्यावा लागतो, आणि ‘रुचिरा’ने तो दिला. शेराच्या जागी ग्रॅम आणि पाट्यावरवंट्याच्या जागी मिक्सर कधी आला, हेही जुन्या-नव्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या की कळते. समासात पेन्सिलीने ‘गूळ कमी’ असे लिहिलेली प्रत तर आणखी मोलाची, कारण वाचणारीने त्या कृतीचे काय केले, हे फक्त तीच सांगते.

सगळ्या कृती मोबाइलवर मिळत असताना जुने कागद कशाला, असे कुणी विचारील. मोबाइलवर आजची कृती मिळते. १९१० ची गृहिणी काय करत होती, हे मूळ पुस्तकाशिवाय कळत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही पुस्तके प्रामुख्याने पांढरपेशा, उच्चवर्णीय घरांची. बहुसंख्यांच्या चुली त्यांत दिसतच नाहीत. हे खरे आहे, म्हणूनच शाहू पाटोळे यांना ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या दलितांच्या अन्नाची नोंद करावी लागली. पण जुनी पुस्तके नष्ट केली, तर कुणाची चूल वगळली गेली याचा पुरावाही नष्ट होईल. दोन्ही प्रकारची पुस्तके एकाच कपाटात हवीत.

अशी जपणूक अमेरिकेने ज्युलिया चाइल्ड यांच्याबाबत केली. १९६३ पासून टीव्हीवर फ्रेंच स्वयंपाक शिकवणाऱ्या या बाईंचे अख्खे स्वयंपाकघर २००१ मध्ये स्मिथसोनियन संग्रहालयाकडे गेले, तर त्यांची कागदपत्रे हार्वर्डच्या श्लेसिंजर ग्रंथालयात आहेत. आपल्याला सुरुवातीला इमारत लागणार नाही. नगर वाचनालयांनी पाकपुस्तके आणि हस्तलिखित वह्या स्वीकाराव्यात, तेलाचे डाग आहेत म्हणून त्या परत करू नयेत, त्यांची सूची करावी. घरे आवरताना रद्दीच्या गठ्ठ्यात सर्वांत आधी जातात ती हीच पुस्तके. ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या जेवू घातले, त्यांच्या ज्ञानाला ग्रंथालयात एक फळी मिळणे हा त्यांचा हक्क आहे.