‘त्याने डोकं शांत होतं गं आई!’

वाशिंदहून सकाळची लोकल पकडून कल्याण-ठाण्याच्या कॉलेजात जाणारी आपली मुलं. अभ्यास, फी, नोकरीची चिंता, वर रोजची गर्दी. मग कुणी तासन्‌तास मोबाइलवर, कुणाच्या खिशात तंबाखू, कुणी मित्रांबरोबर ‘बसायला’ लागलेला. विचारलं तर म्हणतो, ‘त्याने डोकं शांत होतं गं आई!’

मैत्रिणींनो, हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका. काळजी वाटणं वेगळं आणि ‘ही काळजी मला आवरणारच नाही’ असं मानणं वेगळं. असे विचारांबद्दलचे समज तपासण्यासाठी इंग्लंडमधल्या एड्रियन वेल्स आणि सॅम कार्टराइट-हॅटन यांनी २००४ मध्ये ३० विधानांची प्रश्नावली दिली. विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या पाहण्यांतही हे समज आणि इंटरनेटचा अतिरेक यांचा संबंध दिसला. आधी समज की आधी सवय, हे मात्र अशा पाहणीतून ठरत नाही.

पण चक्र ओळखीचं आहे. ‘घेतलं की बरं वाटतं’ हा समज मुलाला व्यसनाकडे ओढतो. पुढे ‘आता माझ्या हातात काही नाही’ हा समज त्याला सुटू देत नाही.

आणि आपण काय सांगतो? ‘विचारच करू नकोस!’ अमेरिकेत डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हणून सांगितलं, तर अस्वल डोक्यातून जाईचना! दाबलेला विचार उसळी मारतो. मग मुलाला वाटतं, आपलंच मन कमजोर.

त्यापेक्षा शांतपणे विचारा, ‘मोबाइल खाली ठेवल्यावर काळजी परत येते का रे?’ उत्तर त्याचं त्यालाच सापडू द्या. ‘विचार आला तर येऊ दे, जाईल आपोआप,’ एवढा धीर द्या.

व्यसन जडलं असेल तर मात्र नुसत्या गप्पा पुरत नाहीत. रोज पिणाऱ्याने एकदम दारू सोडली तर जिवावर बेतू शकतं; डॉक्टर हवाच. पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ हेच काम करतंय. सरकारच्या ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे. लोक काय म्हणतील, म्हणून थांबू नका. ताप आला की आपण डॉक्टरकडे नेतोच ना? हेही दुखणंच आहे.