नर्सरीची फी नको, बारावीपर्यंतचा हिशोब मांडा

डिसेंबर सरला की नांदेडच्या देगलूर नाक्यापासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत शाळांचे फ्लेक्स झळकू लागतात. 'सीबीएसई पॅटर्न', 'डिजिटल क्लासरूम', 'दीनी तालीम के साथ इंग्लिश मीडियम'. या दिवसांत मला सर्वांत जास्त वेळा एकच प्रश्न विचारला जातो, "भाई, पोराला कोणत्या शाळेत टाकू?" विचारणारे कुणी रिक्षा चालवतात, कुणी हातगाडीवर फळं विकतात, कुणी मोंढ्यात हमाली करतात, कुणाचा भाऊ आखातातून पैसे पाठवतो. मुलांनी शिकावं ही तळमळ या सगळ्यांकडे आहे. आमच्या समाजाला शिक्षणाची आवड नाही, असं अजूनही म्हणणाऱ्यांनी एकदा प्रवेशाच्या दिवसांत या वस्त्यांतून फिरावं. सच्चर समितीने 2006 मध्येच दाखवून दिलं होतं, की देशातली शाळकरी वयाची जेमतेम तीन-चार टक्के मुस्लिम मुलं मदरशात जातात. बाकीच्यांना शाळाच हवी आहे.

म्हणून मी त्या प्रश्नाला उलटा प्रश्न विचारतो. ही शाळा तुम्हाला किती वर्षं परवडेल? आणि घरातल्या किती मुलांना परवडेल?

आपण शाळेची तुलना करतो ती नर्सरीच्या फीवरून. या शाळेची वीस हजार, त्या शाळेची अठरा, चला अठराच्या शाळेत. हा हिशोब अपुरा आहे. समजा, फी 20 हजार आहे. व्हॅन, गणवेश, बूट, शाळेने सांगितलेल्या दुकानातली पुस्तकं, परीक्षा शुल्क, स्नेहसंमेलन आणि घराजवळची शिकवणी मिळून आणखी 15 हजार. म्हणजे पहिल्या वर्षी 35 हजार. दर दोन वर्षांनी हा खर्च 15 टक्क्यांनी वाढतो असं धरलं, तर मूल आठवीत पोचेपर्यंत तो वर्षाला 70 हजार होतो. नर्सरी ते दहावी या तेरा वर्षांची बेरीज जवळजवळ सात लाख होते. हे एका मुलाचं झालं. घरात दोन मुलं असतील तर चौदा लाख. तुमच्या शाळेचे आकडे वेगळे असतील. ते घालून ही बेरीज करा, पण प्रवेशाच्या आधी करा. रिक्षाचं मीटर या वेगाने पळत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. आपल्या भागात शिक्षणाचा सर्वांत महागडा टप्पा दहावीनंतर सुरू होतो. ज्याला सारा महाराष्ट्र 'लातूर पॅटर्न' म्हणून ओळखतो, तो राजर्षी शाहू आणि दयानंद यांसारख्या महाविद्यालयांनी बोर्डाच्या निकालातून उभा केला. पुढे त्याच्याभोवती मेडिकल-इंजिनिअरिंगच्या क्लासेसची बाजारपेठ वाढली आणि नांदेडही त्याच वाटेने गेलं. बाहेरगावच्या मुलाला इथे राहणं, मेस आणि क्लास धरून दोन वर्षांचा खर्च लाखांत जातो. म्हणजे ज्या वेळी घराला पैशाची सर्वांत जास्त गरज असते, नेमकी त्याच वेळी आपली भिशी संपलेली असते आणि बचत गटाचं कर्ज डोक्यावर असतं. केजीच्या वर्गात सगळी पुंजी ओतायची आणि अकरावीच्या दारात हात टेकायचे, ही आपल्या कितीतरी घरांची रीत झाली आहे.

आणि हात टेकताना आधी कुणाचं नाव कापलं जातं? मुलीचं. कधी तर कापायचीही गरज पडत नाही, कारण ते आधीच ठरलेलं असतं. मुलगा इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये आणि त्याची सख्खी बहीण पायी झेडपीच्या शाळेत, असं चित्र मी दोन्ही शहरांत पाहतो. झेडपीच्या शाळेत जाणं कमीपणाचं आहे, असं मी म्हणत नाही. पण मुलगी म्हणून ती तिथे, हे कारण मला मान्य नाही. आई-वडील म्हणतात, "तिला शेवटी सासरीच जायचंय." त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. महाराष्ट्रात अनुदानित शाळा-कॉलेजात मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांना सरकारी प्रवेश प्रक्रियेतून जाणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार पूर्ण भरतं. पलीकडचा दरवाजा उघडा आहे. मुलगी बारावीपर्यंत टिकली पाहिजे, एवढंच आपल्या हातात आहे.

आता पर्याय पाहू. आपल्या बोलण्यात दोनच शाळा असतात, सरकारी आणि प्रायव्हेट. प्रत्यक्षात त्यांच्या मध्ये एक मोठा वर्ग आहे, खासगी अनुदानित शाळांचा. संस्था खासगी, पण शिक्षकांचा पगार सरकारचा. नांदेड-लातूरच्या जुन्या, नावाजलेल्या मराठी आणि उर्दू शाळांपैकी अनेक अशाच आहेत. तिथे प्रशिक्षित आणि कायम शिक्षक मिळण्याची शक्यता जास्त असते आणि फी नाममात्र असते. अनुदानित आणि सरकारी शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, पोषण आहार मिळतो. पाचवीत असलेल्या हुशार मुलासाठी नवोदय विद्यालय आहे. नांदेड जिल्ह्याचं शंकरनगरला, लातूर जिल्ह्याचं लातुरात. सहावी ते आठवी पूर्ण मोफत, राहण्या-जेवणासह. मुलींना तर नववीनंतरही विकास निधी भरावा लागत नाही. तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. परीक्षेचा अर्ज पाचवीच्या वर्षातच भरावा लागतो आणि ती तारीख आपल्या वस्तीत फार थोड्या घरांना माहीत असते.

चौथा पर्याय आरटीईचा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 12(1)(क) प्रमाणे विनाअनुदानित खासगी शाळेला 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत द्याव्या लागतात. 9 फेब्रुवारी 2024 ला राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली होती. 19 जुलै 2024 ला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. हा हक्क कोर्टात लढून टिकवला गेला आहे. तो आपण वापरत नसू तर दोष कुणाला देणार?

इथे कागदांची एक गोष्ट नीट समजून घ्या. दुर्बल घटकातून अर्ज करायचा तर उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा दाखला लागतो. पण ओबीसी, विमुक्त जाती किंवा भटक्या जमातीचं जात प्रमाणपत्र असेल, तर ही उत्पन्नाची अट लागत नाही. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा आपल्या अनेक बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. अडचण येते ती पुराव्याची. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीची नोंद मागतात आणि आजोबांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. म्हणून निराश होऊ नका. मराठवाड्यात निजामकाळातले बरेच दप्तर उर्दूत आहे. 2023 मध्ये सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमून हेच जुने दप्तर कुणबी नोंदींसाठी उघडलं. आपले व्यवसायही त्या कागदांत असू शकतात. आजोबा-पणजोबांचं शाळेचं रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचा कागद, सगळं शोधा. हे काम प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही, वर्षभर आधी सुरू करावं लागतं.

आरटीईची दुसरी बाजूही माहीत हवी. मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीत तीच शाळा पूर्ण फी मागू शकते. तेव्हा दोन वर्षांचे पैसे बाजूला ठेवायचे, की नववीला अनुदानित शाळेत जायचं, हे प्रवेश घेतानाच ठरवा.

आणि एक गोष्ट आपल्याच संस्थांना सांगायची आहे. प्रमती खटल्यात 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांना आरटीई कायद्यातून सूट दिली. सप्टेंबर 2025 मध्ये न्यायालयाच्याच दोन सदस्यीय पीठाने त्या निकालावर शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला आहे. निकाल लागायचा तेव्हा लागेल. पण समाजाच्या नावाने अल्पसंख्याक दर्जा घ्यायचा आणि त्याच समाजातल्या हमालाच्या मुलाला फीअभावी दारातून परत पाठवायचं, हे कोणत्या तत्त्वात बसतं? राज्यघटनेच्या कलम 30 ने आपल्याला संस्था चालवण्याचा हक्क दिला आहे. गरिबांसाठी जागा राखायला कायद्याची सक्ती कशाला हवी? प्रत्येक ट्रस्टने स्वतःहून ठरावीक जागा मोफत ठेवाव्यात आणि सोडत मोहल्ल्यासमोर काढावी.

तरीही पैसे भरून खासगी शाळाच घ्यायची असेल, तर जरूर घ्या. फक्त पहिला हप्ता भरण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा.

शाळेचा यू-डायस क्रमांक मागा. बोर्डाची मान्यता कोणत्या वर्गापर्यंत आहे ते विचारा. 'सीबीएसई पॅटर्न' लिहिलं म्हणजे सीबीएसईची संलग्नता असतेच असं नाही. ती सीबीएसईच्या संकेतस्थळावर दिसायला हवी. मान्यता नसेल तर दहावीचा फॉर्म कुठल्या शाळेतून भरणार, हा प्रश्न आजच विचारलेला बरा.

फी कुणी ठरवली ते विचारा. महाराष्ट्राच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शाळा सुरू झाल्यापासून 30 दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला हवा, त्याची कार्यकारी समिती सोडतीने निवडायला हवी आणि एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं वाढवता येत नाही. सोडतीत नाव आलं तर "आपल्याला काय कळतंय" म्हणून मागे सरू नका. अम्मींनीही बैठकीला गेलं पाहिजे, कारण घरखर्चाची वही बहुतेक त्यांच्याच हातात असते.

डोनेशन 1987 च्या कायद्याने बंद आहे. आरटीई कायद्यानुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही. ज्या पैशाची पावती मिळत नाही, तो पैसा देऊ नका.

इमारत पाहण्याआधी शिक्षक पाहा. गेल्या तीन वर्षांत वर्गशिक्षक किती वेळा बदलले? पहिली ते पाचवीत तीस मुलांमागे एक शिक्षक हे कायद्याचं प्रमाण आहे. मुलींचं स्वच्छतागृह स्वतः उघडून पाहा, पाणी आहे का ते पाहा. स्मार्ट बोर्डपेक्षा हे जास्त सांगून जातं.

माध्यमाबद्दलही थोडं बोलायला हवं. निजामी राजवटीत इथल्या मराठी मुलांना हायस्कुलात उर्दूतून शिकावं लागलं. परक्या माध्यमाचं ओझं काय असतं हे मराठवाड्याला नव्याने सांगायला नको. आज आपलं मूल घरात दखनी बोलतं, गल्लीत मराठी ऐकतं आणि वर्गात इंग्रजी पाठ करतं. घरी कुणी इंग्रजी समजावणारं नसेल, तर पाठांतराची शिकवणी लागते आणि खर्च पुन्हा वाढतो. माझं मत स्पष्ट आहे. प्राथमिक शिक्षण घरच्या भाषेत किंवा मराठीत व्हावं, इंग्रजी विषय म्हणून पक्कं शिकवावं. उर्दू माध्यमात मूल घातलंत तरी मराठी कच्ची राहू देऊ नका. तहसील, पोलीस भरती, एमपीएससी, सगळीकडे तीच लागणार आहे.

हे सगळं एकेका घराने एकट्याने करायचं नाही. प्रत्येक मोहल्ल्यात चार शिकलेली मुलं-मुली मिळून एक टेबल टाकू शकतात. मशिदीच्या बाहेर, वाचनालयात, कुणाच्या ओसरीवर. परिसरातल्या शाळांची खरी फी, मान्यता आणि अर्जांच्या तारखा एका कागदावर लिहून भिंतीवर लावा. आरटीईचे आणि नवोदयचे अर्ज तिथेच भरून द्या. ज्यांची मुलं त्या शाळांत शिकतात, त्या पालकांना तिथे बोलवा. शाळेच्या फ्लेक्सपेक्षा त्यांचं सांगणं अधिक विश्वासाचं असेल.

आज रात्री जेवणं झाली की एक कोरा कागद घ्या. घरातल्या सगळ्या मुलांची नावं एकाखाली एक लिहा, मुलींचीही. प्रत्येक नावासमोर बारावीपर्यंतची वर्षं आणि खर्च मांडा. ज्या शाळेच्या हिशोबात एकही नाव मध्येच खोडावं लागत नाही, ती तुमच्या घरासाठी चांगली शाळा.